केदारचा पहारा

काळे तीळ, जवाचं पीठ आणि दर्भ. एवढंच हवं होतं, म्हणून शेजारचे उल्हासकाका सकाळीच केदारला गाडीत घालून अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या इंडियन स्टोअरला घेऊन गेले. तीळ मिळाले, पीठ मिळालं. दर्भ काकांच्या गॅरेजमध्येच होता. इतकी वर्षं परदेशात काढलेला माणूस असल्या गोष्टी बाळगून असतो. कधी कुणाला लागतील, सांगता येत नाही.

दहावा होता. केदारच्या दादाचा आणि वहिनीचा, दोघांचा एकदम.

यतीन आणि शिवांगी, दोघंही सॉफ्टवेअरमधली. मूलबाळ नव्हतं. एका वसंतात दोघांनी नोकऱ्या सोडल्या, ग्रीसमध्ये एक जुनी शिडाची बोट घेतली आणि बेटाबेटांवरून हिंडत राहू लागली. हिवाळा श्रूजबरीच्या घरात, बाकी सगळं वर्ष पाण्यावर. केदार दादापेक्षा पुष्कळ धाकटा. आईवडील लवकर गेले, दादानंच त्याला वाढवलं. शाळेत काही जमलं नाही, म्हणून तो चाकणला टेम्पो चालवायचा. यंदा दादानं त्याला व्हिजिटर व्हिसावर बोलावून घेतलं होतं. आम्ही येईपर्यंत घर बघ, मग तुला अमेरिका दाखवतो, असं म्हणाला होता.

ती आली नाहीत. ऑक्टोबर सरताना बोट एका ओसाड बेटाच्या खडकावर चढलेली सापडली. आत कोणी नव्हतं. शोध थांबला तेव्हा नाशिकच्या गुरुजींनी फोनवर सांगितलं, देह नाहीत तर दर्भाचे पुतळे करा आणि त्यांना अग्नी द्या. काकांच्या अंगणातल्या ग्रिलमध्ये केदारनं अग्नी दिला. बोट घेण्याआधी ज्या ग्रिलवर दादा दर उन्हाळ्यात कणसं भाजायचा, त्याच ग्रिलमध्ये.

दहाव्याला ते तळ्याकाठी गेले. थंडी हाडात शिरत होती. काकांनी एका हातात फोन धरला होता. त्यात गुरुजी दिसत होते आणि त्यांच्या मागे कुणाच्या तरी घरातली दिवेलागण. दोन पिंड मांडले आणि तिघंही कावळ्याची वाट बघू लागले. कावळे होते, चांगले पाच-सहा, समोरच्या उघड्या झाडावर बसलेले. खाली मात्र कोणी येईना. दोन बदकं तुरुतुरु आली, त्यांना काकांनी हुसकावलं.

“इच्छा राहिली असेल,” गुरुजी म्हणाले. “नाव घेऊन शब्द द्या.”

काका केदारच्या कानाशी लागले. नेमकं बोल, म्हणाले, घर सांभाळीन म्हण. केदारनं तसं म्हटलं. कावळे हलले नाहीत. नीट वागेन, दारूला हात लावणार नाही, असंही म्हणून झालं. झाडावर पंखसुद्धा फडफडला नाही. तेव्हा केदारला हुंदका आवरेना. तो गुडघ्यांवर बसला आणि तळ्याकडे बघत मोठ्यानं बोलला.

“दादा, तुला काय हवंय ते तूच सांग. जे सांगशील ते करीन. बोलव मला.”

एक कावळा खाली उतरला. आधी एका पिंडाला चोच लावली, मग दुसऱ्याला. मग मान वाकडी करून केदारकडे बघत राहिला.

गुरुजींनी हात जोडले. काकांचा चेहरा मात्र उतरला होता. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, “असा मोकळा शब्द द्यायचा नसतो रे. काय मागतील, आपल्याला काय ठाऊक?”

“माझाच दादा आहे ना, काका. माझ्याकडून काय मागणार तो?”

शैलजाकाकूंनी वरणभात करून ठेवला होता. आज आमच्याकडेच झोप, असं दोघांनी परोपरीनं सांगितलं. केदार ऐकणारा नव्हता. घर सांभाळीन असा शब्द दिलाय, म्हणाला, आणि चालत निघून आला.

नोव्हेंबरात तिकडे दुपार अशी नसतेच. चहा घेऊन कप विसळेस्तोवर बाहेर काळोख झाला. केदारनं दिवा लावला नाही. सोफ्यावर आडवा होऊन तो दादाचे फोन आठवत राहिला. दादा काय काय सांगायचा. तिकडच्या बंदरांत ऑक्टोपस दोरीवर कपड्यांसारखे वाळत घालतात. पाणी इतकं नितळ, की खाली पडलेला नांगर वरून दिसतो. हेलकावे खाणाऱ्या शेगडीवर वहिनी थालीपीठ लावते आणि अर्धं जळतं. हसत हसत सांगायचा. एकाच गोष्टीनं मेटाकुटीला आला होता. रात्रभर बोट हाकायची असली की दोघांनी आळीपाळीनं वॉचवर बसायचं, म्हणजे एकानं पुढे बघत जागायचं आणि दुसऱ्यानं झोपायचं. “लग्न झालंय आमचं आणि भेटतो कुठे, तर वॉच बदलताना,” दादा म्हणायचा. “तू ये रे. तिसरा माणूस असला की आम्ही दोघं एकदम झोपू.” पण केदारला ग्रीसचा व्हिसा मिळाला नाही.

विचार करता करता त्याचा डोळा लागला.

खांद्यावर हात पडला तेव्हा तो गार आणि ओला होता. डिझेलचा, दोरखंडाचा, खाऱ्या पाण्याचा वास आला.

“केदार, ऊठ. तुझा वॉच.”

आवाज दादाचा होता. दमलेला, झोपेनं जड झालेला. केदारला भीती वाटली नाही, हे खरं. छाती आनंदानं भरून आली. तो उठून बसेपर्यंत जिन्यावर पावलं वाजली. दोघांची होती, ओली, चपचप करत वर जाणारी. वर झोपायच्या खोलीचं दार लोटलं गेलं. थोड्या वेळानं घोरणं सुरू झालं. मध्येच शीळ घालणारं, दादाचंच. त्याच्या आड वहिनीचा बारीक, संथ श्वास.

म्हणजे एवढंच हवं होतं त्यांना. झोप.

केदार जेवणाच्या टेबलावरचा दिवा मंद लावून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. समोर अंगणाकडचं मोठं काचेचं दार होतं. वॉचवरच्या माणसानं पुढे बघायचं, मागे नाही, एवढं त्याला दादाकडून ऐकून माहीत होतं. तो काचेकडे बघत राहिला. निजा, मनात म्हणाला. मी आहे.

मग जेवणाच्या टेबलावरचा लटकता दिवा हलू लागला. आधी थोडा, मग भिंतीपासून भिंतीपर्यंत. लाकडी घर कुरकुरत एका अंगावर कललं, सावरलं, पुन्हा कललं. काचेपलीकडचं अंगण काही दिसत नव्हतं. तिथे काळं काहीतरी चढत होतं, उतरत होतं, आणि दाराच्या फटीतून खारा वारा येत होता. केदारनं पायरीची कड घट्ट धरली. शेजारी उल्हासकाकांच्या स्वयंपाकघरातला दिवा असायला हवा होता. तो फार लांब, फार खाली दिसला आणि नाहीसा झाला.

त्याच वेळी त्याला झोप येऊ लागली. कधी आली नव्हती अशी. पापण्यांवर कोणी ओली वाळू टाकावी तशी. त्यानं हाताला चिमटा काढला, ओठ चावला. आपण झोपलो तर वरच्या दोघांचं काय होईल, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. एकदा झालं होतं. पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं.

मागून खांद्यावर हात पडला. हलकाच. घाई नसलेला.

“जा, झोप… आता मी बसतो…”

सुटलो, असं त्याला वाटलं. दादाच उठून आला असणार. केदार वळणार, तोच त्याच्या कानांनी काहीतरी टिपलं. वर घोरणं चालू होतं. मध्येच शीळ घालणारं. आणि त्याच्या आड तो बारीक, संथ श्वासही.

दोघंही झोपलेली होती.

मान अर्धी वळलेली, ती तिथेच थांबली. हात खांद्यावरच होता. कितीतरी लांब बोटं होती… छातीपर्यंत पोचलेली. केदारनं नजर काचेवर खिळवली. काचेत त्याचं स्वतःचं प्रतिबिंब होतं, पायरी होती. मागे नुसता अंधार होता, पण जिन्यावरच्या अंधारापेक्षा जास्त दाट.

“नको,” तो कसाबसा म्हणाला. “मी जागा आहे… मीच बसतो.”

वरचं घोरणं थांबलं.

दार उघडलं नाही. फटीतून दादाचा आवाज आला, अगदी दबका. लहानपणी आई गेली त्या दिवशीसुद्धा दादाचा आवाज असा थरथरला नव्हता.

“केदार… कोणाशी बोलतोयस रे?”

केदारनं पायरीची कड आणखी घट्ट धरली. आणि वरून वहिनी घाईघाईनं कुजबुजली, दादाला गप्प करत.

“हळू बोल, यतीन… बोटीवर आलेलं तेच आहे हे… त्याला आता मराठी कळतं.”

खांद्यावरचा हात उचलला गेला नाही. तो हलकेच, तालात, लहान मुलाला निजवावं तसा केदारला थोपटू लागला.