मोशीच्या बारवेचा फोटो

कंदील जरा बारीक करा, मग सांगतो. चिंचवडचा चिमाजी फोटोवाला, माझ्या रोजच्या बसण्याउठण्यातला माणूस. तापट होता, पण खोटारडा नव्हता.

लहानपणापासून त्याला वेड एकच. जुन्या बारवा, वेशी, वीरगळ दिसले की फोटो काढायचा. लोक मात्र त्याला बोलवायचे मयताला. जिवंतपणी कोण फोटो काढतंय? माणूस गेलं की भिंतीला टेकवून बसवायचं आणि चिमाजीला निरोप धाडायचा. हसू नका रे, तेव्हा घरोघर हीच तऱ्हा होती.

छप्पन्न साल, माघी पौर्णिमा. चाकणला एका मयताचा फोटो काढून चिमाजी सायकलवरून परतत होता, चडफडत. मोशीची बारव सकाळी रस्त्यासाठी बुजवणार होते, आणि तिचा एकही फोटो धड आला नव्हता. कधी पोरं मध्ये नाचायची, कधी पाण्याला आलेल्या बाया शिव्या घालायच्या. आजचा दिवस मयताने खाल्ला. फोटोची काच उरली एकच.

रात्री साडेदहाला त्याने बारवेसमोर कॅमेरा उभा केला. चांदण्यात काढायचा म्हणजे भिंग अर्धा तास उघडं ठेवायचं. बघतो तर वरच्याच पायरीवर एक म्हातारी बसलेली.

"आजी, बाजूला व्हा जरा."

"माजा काढ की रं, लेकरा. कुनीच न्हाई काढला."

चिमाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर लोकांची तोंडंच टिपली, आज तरी नाही.

"एकच काच हाय. न्हाई जमायचं."

ती उठली. पायऱ्या उतरून खाली गेली...

त्याने भिंगाचं झाकण काढलं. समोर कुणी नाही. दहा मिनिटं. वीस. खाली पाणी हललं नाही. पाऊल वाजलं नाही... ती वर आली नाही. वाकून बघायचा धीर त्याला झाला नाही. अर्धा तास भरला. झाकण लावलं. निघाला.

पहाटे काच धुतली. बारव नव्हती. एक पायरीसुद्धा नाही. काचभर म्हातारी... पापणीच्या केसासकट स्पष्ट. जिवंत माणूस अर्ध्या तासात श्वासानेसुद्धा हलतं, धुरकट येतं. इतकं स्पष्ट कोण येतं, हे चिमाजीला सांगायला नको होतं.

तसाच मोशीला पळाला. बारव मातीने भरत आली होती.

घरी येऊन त्याने माझ्यासमोर त्या काचेवरचा, ज्यात फोटो उमटतो तो सगळा मसाला चाकूने खरवडला. रडत खरवडला. काच कोरी झाली, हात लावून मी बघितली.

उजेडाकडे धरली...

म्हातारी तशीच बसलेली होती.