पहिला कप्पा

नियमांचा कागद भिंतीवर टांगला होता. त्यात एक हा आकडा होता, पण त्यापुढे काहीच नव्हतं. नियम दुसऱ्यापासून सुरू. वहिनींना तपासात मदत करायला आलेल्या भावजींनी ती छपाईची चूक ठरवली आणि समाधानाने मान डोलावली. दुसऱ्याची चूक सापडली की त्यांना हुशार वाटे.

"यांनी दिलं तसंच छापलंय," संयोजक बाई म्हणाल्या. शाळकरी मुलांची ही प्रोग्रॅमिंग स्पर्धा त्यांच्या यजमानांनी सुरू केली होती. ते जाऊन वर्ष झालं. टेबलावर त्यांचा फोटो होता: मागे फळा, कानामागे खडू. "सातवा नियम वाचा. दोन संघांची उत्तरं सारखी निघाली, तर दोन्ही बाद. तासाभरात निकाल आहे. नक्कल कशी झाली तेवढं शोधा."

"शाळा कुठल्या?" वहिनींनी विचारलं.

"मलाही कळता कामा नये. नववा नियम. यांचं एक अक्षर मी बदलणार नाही."

वहिनींनी, म्हणजे खासगी तपासनीस बाईंनी, दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली. ओळ न् ओळ सारखी. दोन्हींत आकडे साठवायच्या कप्प्यांच्या रांगेतला पहिला कप्पा विनाकारण रिकामा.

"अक्कल चोरताना चूकही चोरली!" भावजी म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावर बसवलेल्या संघातली मुलगी रडून दमली होती. जिंकली तर तिला कॉलेजात थेट प्रवेश होता. बाद झाली तर कपाळावर शिक्का.

"हाताने लिहिलेली टिपणं चालतात," तिने वही पुढे केली. "सरांनी फळ्यावर लिहिलेलं आहे हे."

"सर सोबत नाहीत आले?"

"सर गेले. वर्ष झालं." तिने वही परत ओढून घेतली.

तळमजल्यावरच्या दुसऱ्या संघातला मुलगा उसळला. "फोन जमा, मध्ये तीन जिने. कबुतरं पाठवली का आम्ही?"

"हे कुणी शिकवलं?"

"जुन्या सरांनी. तीन वर्षांपूर्वी बदली झाली त्यांची. आमचं चुकलं की खडू कानामागे खोचायचे. म्हणायचे, बस, पुन्हा बघू."

"आणि पहिला कप्पा रिकामा का?"

"उशिरा येणाऱ्याला जागा असावी, म्हणायचे."

वहिनी जिना चढून बाईंपुढे बसल्या. "नक्कल झालीय."

"बघा!" भावजी म्हणाले.

"पण एकमेकांची नाही. दोघांनी एकाच माणसाच्या फळ्यावरून उतरवलंय. मुलाच्या सरांची बदली झाली, ती मुलीच्या शाळेत. मुलीचे सर वर्षापूर्वी गेले. मुलाचे सर खडू कानामागे खोचायचे." वहिनींनी फोटो बाईंकडे वळवला. "आणि पहिला कप्पा रिकामा ठेवणारा माणूस नियमांच्या कागदावरही पहिली जागा मोकळी सोडतो. ती छपाईची चूक नाही, भावजी."

भावजी आपल्या बुटांच्या नाड्या तपासू लागले.

"बदली झाली होती खरी," बाई हळूच म्हणाल्या. "आपलीच पोरं दोन्हीकडून येतील, हे सातवा नियम लिहिताना सुचलं नसेल त्यांना." त्यांनी फोटो जवळ ओढला. "घरी दाराजवळची पहिली खुंटी अशीच. मी छत्री अडकवली की काढून ठेवायचे. तीस वर्षं भांडले मी त्यावरून."

"आता?"

"आता छत्री कोपऱ्यात ठेवते."

त्या उठल्या. पेन काढून एकच्या आकड्यापुढे लिहिलं: एकाच सरांकडून शिकलेलं, ही नक्कल नव्हे.

मग पेनाला टोपण लावलं.

"उशिरा आला," त्या म्हणाल्या. "पण जागा ठेवली होती."