कानातले बोळे

दार लोटून घ्या. आन आरोही, तो मोबाईल उलटा ठेव. मधी कुणी हसलं तर मी उठून जाईन, आधीच सांगतो. आपल्या बंकट जीपवाल्याच्या बाबतीत घडलेलं हाय हे. त्यानं स्वतः सांगितलं, तेबी खाली बघून.

मागच्या वेळअमावस्येची रात. भज्जी-आंबील खाऊन लोकं रानातून परतलेली. बंकटचे शेजारी तात्याबा हात धुवायला वाकले अन् तिथंच बसले. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, बोलणं बंद. त्यांचा पोरगा परमेश्वर पळत आला. "बंकटदादा, बापाच्या अंगावरून वारं गेलं. मांजरसुंब्याहून कबुतरं आण. रगत चोळावं लागंल. तुला ठिकाण ठावं हाय."

बंकटला ठिकाण ठावं होतं. त्याचा उपेग काय होतो, तेबी ठावं होतं. दोन वर्षांमागं त्याची माय, चंद्रभागाबाई, अशीच पडलती. बायको अंजना म्हणत होती, बीडला न्या. यानं ऐकलं न्हाई. दार-खिडकी लावली, वारं शिरू नये म्हणून मायच्या कानात कापसाचे बोळे घातले, रातभर कबुतराचं रगत चोळलं. माय डाव्या हातानं सारखी दाराकडं दाखवायची. याला वाटलं, वारं लागतंय म्हणती. यानं फटीत चिंध्या कोंबल्या.

सकाळी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणले, मेंदूला रगत नेणारी नस गुठळीनं तुंबलीय. ठिबकच्या नळीत कचरा अडकला की पुढची झाडं वाळतेत, तसं झालंय. गुठळी विरघळायचं इंजेक्शन असतंय, पण ते लगेच द्यावं लागतं. रातभर कशाला थांबलात? नर्सबाईनं बोळे काढून फेकले. चार दिवसांत माय गेली.

हे त्यानं गावात कुणाला सांगितलं न्हाई. लई लाज वाटायची त्याला. परमेश्वरलाबी सांगायला तोंड उघडंना. गुमान जीप काढली. लाजंपायी माणूस दुसऱ्याचा बापबी मरू देतो, ध्यानात ठेवा.

दोन कबुतरं घेतली. डालग्यात घातली, वर फडकं टाकून सुतळीनं आवळलं. डालगं मागच्या सीटवर.

परतीला रस्ता मोकळा होता. मागं फडफड चालू होती.

मग थांबली.

टक... टक...

मागच्या दाराच्या पत्र्यावर. आतून.

त्यानं आरशात बघितलं. कुणीतरी बसलेलं. उजवा हात मांडीवर पडलेला. डावा... दाराकडं.

"माय?"

...

"माय, चुकलो गं."

तिला ऐकूच येत नव्हतं.

ब्रेक दाबला. वळला. सीट रिकामी.

घरी आला तो थेट तात्याबाच्या अंगणात. सगळ्या गल्लीदेखत म्हणला, "मी माझी माय खोलीत कोंडून मारली. तुमी तसं करू नका. उचला ह्यांना." अंजना पदर तोंडाला लावून उभी होती. लोकांनी तात्याबाला उचललं, त्याच जीपमधून बीडला नेलं.

इंजेक्शन वेळेत मिळालं. तात्याबा आज काठी न घेता पारावर येतेत. बंकटला बघून हात जोडतेत, अन् हा दुसरीकडं बघतो.

त्या पहाटं, दवाखान्याच्या आवारात, बंकट कबुतरं सोडायला गेला. सुतळीची गाठ त्यानं मारलेली, तशीच. दातानं सोडवावी लागली. फडकं काढलं.

कबुतरं न्हाईत. पीसबी न्हाई.

तळाला कापसाचे दोन बोळे. ओले... लाल.