उंबऱ्याच्या देवाचा तिसरा रकाना

रविवारी दुपारी जेवणाचं टेबल आवरायचं, त्यावर नकाशा पसरायचा, तो गुंडाळला जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवायच्या आणि फासे काढायचे, हे काम ताई गेली सहा वर्षं करत होती. आठवडाभर छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि रविवारी ह्या गोष्टीच्या खेळात स्वतःची दुनिया चालवायची. धाकटी बहीण आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर आपापलं पात्र घेऊन कथेत शिरत. कथा सांगायची ताईने. राक्षस ताई, राजा ताई, पाऊसपाणीही ताईच्याच हातात. आणि देवसुद्धा तीच. संकटात सापडलेला खेळाडू देवाला हाक मारी, वीस बाजूंचा फासा टाकी, आणि ताई आवाज बदलून देवाच्या तोंडून उत्तर देई.

देव तिने स्वतः घडवले होते. जाड वहीत एकेकाला एकेक पान आणि पानावर तीन रकाने: काय देतो, काय घेतो, काय करू शकत नाही. "तिसरा रकाना सगळ्यात आधी भरायचा," असं ती कंपाउंडरला दर आठवड्याला ऐकवी. "देवाला मर्यादा घातली नाही, तर खेळ त्याचा होतो. आपण नुसते बघत बसतो."

आणि हीच बाई मागच्या रविवारी चुकली. धाकटीची तिरंदाज डोंगराच्या पोटात बंद दारापाशी अडकली होती, चहा निवत होता, म्हणून ताईने घाईघाईत नवा देव काढला. उंबऱ्याचा देव. कुठलंही दार उघडतो, बदल्यात एक माणूस घेतो. तिसरा रकाना नंतर भरू म्हणून कोराच ठेवला.

"घे बाबा, माझी आई घे, पण दार उघड!" धाकटी हसत म्हणाली आणि तिने फासा टाकला. दार उघडलं. फासा पडल्यावर बोललेला शब्द मागे घ्यायचा नाही, हा टेबलाचा नियम ताईनेच केलेला. पण त्या तिरंदाजाला आई नव्हतीच. ताईने ती कधी लिहिलीच नव्हती. देवाने मग आई आणायची कुठून, हा प्रश्न त्या दिवशी कोणालाच पडला नाही.

आज घंटी वाजली तेव्हा दार दोघी बहिणींच्या खऱ्याखुऱ्या आईने उघडलं. धाकटी चपला काढता काढता थांबली.

"नमस्कार. ताई आहे ना घरात?"

"नाही, चंद्रावर गेलीय," आई म्हणाली. "ये आत, नाटकं पुरेत."

धाकटी अवघडून हसली, आईला वळसा घालून आत आली आणि ताईच्या कानाशी लागली. "कोण गं त्या? खोली भाड्याने दिलीस का?"

ताईला आधी हसू आलं. मग तिने बहिणीचे डोळे पाहिले. त्यात थट्टा नव्हती. परक्या घरात एखाद्या वयस्कर बाईशी जितकं अदबीने वागावं, तितकीच अदब होती. आई दारापाशीच उभी होती. आयुष्यभर वॉर्डात परिचारिका म्हणून राबलेली ही बाई सहसा डगमगायची नाही, पण आता तिचा हात कडीवरून निघत नव्हता.

"ताई, आधी डॉक्टरांना विचारू या," टेबलाशी आधीच येऊन बसलेला कंपाउंडर हळूच म्हणाला.

"डॉक्टरांचं काम नाही हे. माझं आहे." ताईने आईला हाताला धरून टेबलाशी आणून बसवलं. "आई, आज तू पण खेळायचंस."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"नको कळू दे. नुसती बस."

ताईने फासा उचलला आणि उंबऱ्याच्या देवाला हाक मारली.

बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारी कोणीतरी गादी झटकत होतं. ते झटकणं थांबलं. मग कपाटाचं दार उघडलं... मग फ्रिजचं... मग न्हाणीघराचं, जे जोर लावून ओढल्याशिवाय कधी हलत नसे. घाईगडबड नव्हती. दारं एकामागून एक उघडत गेली आणि प्रत्येक दारामागे अंधार होता. भर दुपारी, फ्रिजच्या आतसुद्धा. वर्षानुवर्षं बंद असलेल्या खोलीचा कोंदट वास टेबलापर्यंत आला.

"बोला," ताई म्हणाली. पण बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. आवाज तिच्याच गळ्यातून आला होता.

कंपाउंडरने खुर्ची मागे सरकवली. ताईने गळा दाबून धरला आणि मग हात झटकून काढला. संताप आला तिला. भीतीही होती, पण संताप जास्त.

"माझ्या बहिणीची आई परत दे."

"तिने दिली. फासा पडला. नियम तुझा..."

"नियम माझा, टेबल माझं आणि तूही माझाच! बसल्या जागी पेन्सिलीने काढलाय तुला. माझ्या घरात येऊन मलाच दरडावतोस?"

"तुझ्याच आवाजात दरडावतोय..." तिचा गळा म्हणाला.

तेवढ्यात आई उठली. कंबरेवर हात ठेवून तिने फ्रिजमधल्या अंधाराकडे पाहिलं. "वॉर्डात तुझ्यासारखे पुष्कळ पाहिलेत मी, दारात ताटकळणारे. त्यांना जे सांगायची तेच तुला सांगते. भेटायची वेळ संपली. माझ्या पोरीचं जे उचललंस ते ठेव खाली आणि चालता हो."

अंधार जागचा हलला नाही. पण गप्प झाला. तेवढी फट ताईला पुरली. तिने वही ओढली, पेन उघडलं आणि कोऱ्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं: हा देव कोणाचीही आई घेऊ शकत नाही, आणि घेतली असेल तर ती परत द्यावीच लागते.

"फासा?" गळ्यातून प्रश्न आला.

"लिहिणारीला फासा लागत नाही."

देवाने हरकत घेतली नाही. कसलीच घेतली नाही. दारं उघडली होती तशीच एकेक करून लागली, शेजारचं झटकणं पुन्हा सुरू झालं आणि फ्रिज घरघरू लागला.

"आई!" धाकटी एकदम म्हणाली आणि आईच्या कुशीत शिरून ओक्साबोक्शी रडायला लागली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. कंपाउंडरने घाम पुसला. ताईच्या डोळ्यांतही पाणी आलं. जिंकलो, असं तिला वाटलं, आणि लगेच छापखान्यातल्या सवयीने तिने आपलं वाक्य पुन्हा वाचलं. आई, एवढंच लिहिलं होतं. बहीण नाही. मुलगी नाही. आणि दाराची किंमत, एक माणूस, अजून बाकीच होती.

धाकटीने डोळे पुसून वर पाहिलं. तिची नजर ताईवर थांबली.

"आई, ह्या कोण गं?"

ताईने आईकडे पाहिलं. "सांग ना तिला."

आईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि ताईकडे बराच वेळ पाहिलं... मग कसनुसं हसून खुर्ची पुढे केली. "बसा ना. तुम्ही उभ्या का?"

ताई बसली नाही. तिने वही जवळ घेतली आणि पेन घट्ट धरलं.

"नका ओळखू," ती म्हणाली. "मी ओळखते ना तुम्हाला दोघींना. तेवढ्यावर मी त्याच्याशी आणखी शंभर डाव खेळेन."

कंपाउंडरने मान वर केली आणि अनोळखी माणसाकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं. "कोणाशी, बाई?" त्याने विचारलं, आणि आईने पुन्हा चष्मा काढून पुसायला घेतला.