टिटवीवरचा धूर

व्लिसिंगेन बंदराच्या नगरसभेसाठी लीव्हन समुद्रावरच्या लढाईचं चित्र रंगवत होता. ती लढाई त्याने होडीत बसून, कागदावर रेघा ओढत, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. 'टिटवी' नावाचं गलबत कसं बुडालं तेही पाहिलं होतं. आपल्याच बाजूच्या तोफेचा गोळा चुकून तिच्या पोटात शिरला होता.

चित्र बघायला आलेले नगरप्रमुख फान लोदेन टिटवीपाशी थबकले. "ही इथे कशाला? आपणच बुडवलेलं गलबत आपल्याच भिंतीवर टांगायचं? धूर घाल तिथे. चांगला दाट."

"पण साहेब, तिच्यावरची माणसं..."

"माणसं गेली. अब्रू अजून शिल्लक आहे."

लीव्हनने मान खाली घातली आणि ब्रश करड्या रंगात बुडवला. शिडं झाकली, डेक झाकला. सगळ्यात शेवटी डोलकाठीशी उभा असलेला आड्रियान झाकला. त्याचा लहानपणापासूनचा जिवलग.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं खिडकीला येऊन टेकलं होतं. आड्रियानची बायको ग्रिट्ये दारात उभी राहिली.

"भावजी, त्यांना चित्रात काढलंय म्हणालात ना? एकदा बघू द्या. माझ्याकडे त्यांची कबरसुद्धा नाही."

लीव्हनने करड्या रंगाकडे बोट दाखवलं. "तो... त्या धुरामागे आहे, वहिनी."

ती रागावली नाही, आणि तेच त्याच्या जास्त जिव्हारी लागलं. ती चित्राला कान लावून उभी राहिली.

"धुरात कुणीतरी वल्हवतंय..." ती हलकेच म्हणाली.

त्यालाही ऐकू आलं. चुबुक... चुबुक... डांबराचा आणि तोफेच्या जळक्या दारूचा वास खोलीत दाटला. त्याने टर्पेंटाइनची चिंधी घेतली आणि ओला धूर पुसत सुटला. टिटवी वर आली. पण डेकवर कोणीच नव्हतं. खाली पाण्यात एक होडी होती, त्याने कधीच न काढलेली. वल्हवणाऱ्यांच्या पाठी इकडे होत्या, म्हणजे होडी इकडेच येत होती.

लीव्हन मटकन खाली बसला. त्याला तिच्याकडे बघवेना. "वहिनी, मला माफ..."

"मला नका सांगू. त्यांना सांगा. येतायत ते."

तोंड ओंजळीत लपवून तो बसून राहिला. मग वल्ह्यांचा आवाज एकाएकी थांबला.

त्याने मान वर केली. होडी चित्राच्या खालच्या कडेला लागली होती. वल्ही उभी धरलेली, किनारा आल्यावर धरतात तशी. पुढच्या माणसाचा हात दोर फेकून रिकामा झाला होता.

आणि ग्रिट्ये दोर झेलल्यासारखे दोन्ही हात पुढे करून उभी होती. तिच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या.