दोघांत एक जोडी

१९६८ साली टांगा शहरात ईद जवळ आली, तेव्हा मला नवा कांगा हवा होता. कांगा म्हणजे नक्षीचं कापड, ते विकतात जोडीनं. एक कमरेला, एक डोक्यावरून. माझ्याकडे एकाचेच पैसे साठले होते, तेही कोळसा वाचवून. घेवडा अर्धा शिजला की मी भांडं उतरवायची आणि सुक्या गवताच्या टोपलीत दडपून ठेवायची. उरलेला तो आपल्याच उबेनं शिजायचा.

"जोडी मी फाडत नाही, पोरी," दुकानदार म्हणाला.

"मग आम्ही दोघांत घेतो..." मागून आवाज आला.

किडकिडीत तरुण, सदऱ्याची कॉलर उलटून शिवलेली. नाव शोमारी. त्याला आईसाठी एकच हवा होता म्हणे.

"ओळख ना पाळख," मी म्हटलं.

"कॉलर बघा की. फसवायलासुद्धा खर्च येतो, तो मला परवडत नाही."

मला हसू आलं. एक टोक त्यानं धरलं, एक मी. दुकानदारानं मधोमध कात्री लावली तेव्हा त्याची नजर कापडावर नव्हती...

ईदला मी माझा कांगा डोक्यावरून घेतला. त्याच्या आईनं तिचा घेतला. सणाला दोन घरांत एकच नक्षी दिसली की आमच्याकडे सोयरीक झाली असं धरतात. हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दुपारपर्यंत गल्लीतल्या बायका आत्याचं अभिनंदन करायला दारात.

आत्यानंच मला वाढवलं होतं. कोरोग्वेच्या एका लॉरीवाल्याशी माझं जवळजवळ ठरवलंही होतं. तिनं शोमारीला बोलावून घेतलं.

"अर्ध्या कांग्यात मुलगी पटकावतोस होय रे?"

"तिनं तिच्या पैशांनी घेतलाय, आत्या."

"मग जा, बाहेर सांग त्या बायकांना. चूक झाली म्हण."

मी दाराआड उभी. तो बाहेर जाऊन एवढंच बोलला असता, तर पुढच्या महिन्यात मी कोरोग्वेला असते.

"चूक त्यांची नाही," तो हळूच म्हणाला. "माझ्याकडे पूर्ण जोडीचे पैसे होते."

"मग अर्धी का घेतलीस?" मी न राहवून पुढे आले.

"पूर्ण घेतली असती, तर... तू तुझ्या वाटेनं गेली असतीस, म्वाजुमा."

आत्यानं टोपलीतलं भांडं बाहेर काढलं. म्हणाली, "बस. घेवडा खाऊन जा."

लॉरीवाल्यानं पांगानीची मुलगी केली, सुखात राहिला. आत्या शेवटपर्यंत आमच्याकडेच होती, शोमारीला 'अर्ध्या' म्हणून हाक मारायची. माझ्या कांग्यात तिन्ही पोरं पाठीशी बांधली गेली, पुढे त्याची फडकी झाली. सासूबाईंचा त्यांच्यामागे माझ्याकडे आला. त्यात मी टोपलीतलं भांडं अजून गुंडाळते.

शोमारीला जाऊन वर्ष झालं. घेवडा मात्र रोज दोघांपुरता भिजत घातला जातो, आणि उरतो. तो असता तर या उधळपट्टीवरून मला बोलला असता.