सहा पट्ट्यांवरचा लेप

मुलुंडच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत बारा पोलादी पट्ट्या मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या होत्या. दसऱ्याआधी लेप दिलेल्या सहा शाबूत होत्या. दसऱ्यानंतरच्या सहांचा लेप सापाच्या कातीसारखा सुटून आला होता.

प्राध्यापक वनमाला दळवींनी तीन वर्षं खपून हा पॉलिमरचा लेप बनवला होता, माहुलच्या कोळ्यांच्या होड्यांचे नांगर गंजू नयेत म्हणून. संशय त्यांच्या विद्यार्थ्यावर, केतनवर होता. नंतरच्या सहा पट्ट्यांना त्यानेच एकट्याने लेप दिला होता, आणि शोधनिबंधावरून दोघांचं नुकतंच वाजलं होतं. त्याला संशोधनातून काढण्याचं पत्र तयार होतं. सहीआधी खात्री हवी, म्हणून वनमालाबाईंनी खाजगी गुप्तहेर सुलक्षणा तांबेला बोलावलं.

"ब्लेडने सोललाय," तिचा सहकारी आकाश म्हणाला.

"मग ओरखडा दाखव ना रे."

ओरखडा नव्हता. सुलक्षणाने उघड्या पडलेल्या पोलादावर पाण्याचा थेंब सोडला. तो मोत्यासारखा उभा राहिला. वनमालाबाईंनी नुकत्याच धुतलेल्या पट्टीवर मात्र पसरला.

केतनने तुटक उत्तरं दिली. त्या सहा पट्ट्या मॅडमनीच दसऱ्याच्या सुट्टीआधी घासून-धुऊन ठेवल्या होत्या. त्याने फक्त लेप दिला.

शिपाई काशीराम भरभरून बोलले. गेली बावीस वर्षं मांडत आले तशी खंडेनवमीला त्यांनी इथल्या हत्यारांची पूजा मांडली होती. समईसाठी घरून खोबरेल आणलं होतं. "मॅडमच्या पट्ट्यापण ठेवल्या. पुसून अशा केल्या, तोंड दिसेल."

सुलक्षणाने सगळ्यांना समोर बोलावलं.

"थेंब उभा राहिला, म्हणजे पोलादावर तेल होतं. तेलावर लेप धरत नाही. मॅडमनी पट्ट्या धुतल्या नवमीआधी, केतनने लेप दिला दसऱ्यानंतर. मधे हात लागला तो पूजेत. आणि घासलेल्या खरखरीत पोलादात कोरड्या फडक्याने तोंड दिसत नाही. समईचं उरलेलं तेल फडक्याला लावलंत ना, काशीरामकाका?"

काशीरामांनी होकारार्थी मान हलवली आणि ते जमिनीवरच बसले.

"केतन," वनमालाबाई म्हणाल्या, "मी तुला गुन्हेगार ठरवून मोकळी झाले होते. चुकले मी."

केतन म्हणाला, "मॅडम, काका खाली बसलेत. आधी त्यांच्याशी बोला."

बावीस वर्षं आपल्या कामापुढे कुणी हात जोडत होतं, हे वनमालाबाईंना ठाऊकच नव्हतं. त्या काशीरामांजवळ जमिनीवर टेकल्या.

"पुढच्या नवमीला मलाही बोलवाल?"